टोकाचं वजन

मोठ्या परातीत आरतीनं जुन्या धोतराचं फडकं पसरलं आणि त्यावर रॉकरच्या जोड्या मांडल्या. मांडता मांडता तिच्या मनात आलं, मुलगी बघायला आलेल्या पावण्यांपुढं पोह्यांच्या बशा ठेवाव्यात तसंच चाललंय हे. फरक एवढाच, की इथं बघायला बसलेले सगळे घरचेच, आणि नकार कुणाला द्यायचा ते अजून ठरायचं होतं.

गॅरेजचं शटर अर्धं खाली ओढलेलं. शुक्रवारची दुपार, माघातलं ऊन. शटरखालून आत शिरलेली उन्हाची पट्टी तेलकट फरशीवर मांजरासारखी पसरली होती. बाहेर नाशिक रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर जात होते, मागं दोन-दोन ट्रॉल्या आणि वर स्पीकर. एखादं गाणं लांबून यायचं, गॅरेजपुढं फुगून मोठं व्हायचं आणि मंचरच्या अंगाला विरघळून जायचं. मग पुढचं. अर्धवट गाण्यांच्या त्या ओघात आरतीला डोळे उघडे असूनही झोपेत असल्यासारखं वाटत होतं.

"ही कंपनीची जोडी," तिच्या नवऱ्यानं, भरतनं, परातीकडं बोट केलं. "माझं मत हिला. झाली बैठक, उठा."

कुणीच उठलं नाही. तोसुद्धा नाही. टायरच्या चवडीवर तो डावा पाय सरळ पसरून बसला होता. तो गुडघा पुरता वाकत नाही म्हणून तो नेहमी असाच बसायचा. त्याच्या शर्टाच्या खिशात लेकीच्या, आरोहीच्या, मोटरसायकलची किल्ली होती. दिवाळीनंतर तीन महिने ती तिथंच होती. शर्ट धुवायला टाकताना तो ती काढून पुढच्या शर्टाच्या खिशात टाकायचा.

"पप्पा, कंपनीची घालूनच तर मी पडले," आरोही म्हणाली.

"कंपनीनं ती गाडी दूध घालायला बनवलीय. तू अकरा हजारावर न्हेतीस. त्यात कंपनीचा काय दोष?"

"शर्यत दूध घालायच्या स्पीडनं होत नाही."

"मग दूधच घाल की!"

आदेश हसला. भरतनं त्याच्याकडं बघितलं तसं त्यानं हसू गिळलं. आदेश हा भरतचा धाकटा भाऊ. पाच वर्षांपूर्वी गॅरेजात लेथ घ्यायचा का नाही यावरून दोघांचं वाजलं, आणि आदेश चाकणला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये लागला. सणासुदीला यायचा, जेवायचा, जायचा. आज मात्र तो रजा टाकून आला होता, आणि येताना लग्नातल्या अंगठीच्या असतात तसल्या डबीत दोन ॲल्युमिनियमचे रॉकर घेऊन आला होता. ड्युटी संपल्यावर थांबून, साहेबाला विचारून, मशिनवर स्वतः काढलेले. चांदीसारखे चमकत होते.

तिसरी जोडी सासऱ्यांची. भगवंतआबांनी कंपनीचेच रॉकर घेऊन कानशीनं घासून हलके केले होते. पंधरा दिवस रोज सकाळी शिकंज्यापुढं बसून, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आणि दुसऱ्याचं राहिलेलं असताना.

आता रॉकर म्हणजे काय, तर बोटाएवढा तुकडा. इंजिनाच्या डोक्यात, मधल्या भोकातून घातलेल्या दांडीवर तो झुलतो. एका टोकाला खालून कॅम ढकलतो, की दुसरं टोक व्हॉल्व्हच्या डोक्यावर टोच मारतं, आणि व्हॉल्व्हची स्प्रिंग त्याला परत वर उचलते. लग्न होऊन या घरात आल्यावर स्पेअरच्या काउंटरवर बसता बसता आरतीनं जुनी मॅन्युअलं वाचून हे सगळं शिकून घेतलं होतं. पण तिला रॉकर कधी लोखंडाचा वाटलाच नाही. तिला ती दाणे टिपणारी चिमणी वाटायची. आणि अकरा हजार आरपीएमला ती चिमणी सेकंदाला नव्वदच्या वर दाणे टिपते, हे कळल्यापासून तर तिच्या स्वप्नात खळं यायचं. खळ्यात चिमण्याच चिमण्या, सगळ्या एका तालात माना हलवणाऱ्या. आणि त्यातली एकच मागं पडलेली.

दिवाळीनंतरच्या शर्यतीत तेच झालं होतं. चिमणी मागं पडली. रॉकर जड, स्प्रिंगला तो वेळेत परत आणता येईना. व्हॉल्व्ह उघडाच तरंगत राहिला आणि खालून आलेल्या पिस्टननं त्याला धडक दिली. मागचं चाक जाम झालं आणि आरोही मातीत. हासळीचं हाड मोडलं. त्याच्या आधी एकदा स्प्रिंग कडक घालून बघितली होती, तर तिनं महिन्यात कॅमच खाल्ला. म्हणजे उपाय एकच, रॉकर हलका करायचा. परवा रविवारी बोरीच्या माळावर सीझनची शेवटची शर्यत होती, आणि भरतनं सांगून ठेवलं होतं: मला पटंल तो रॉकर बसला तर किल्ली देईन. न्हाई पटला तर गाडी विकायची, विषय संपला.

"काट्यावर घ्या," आबा म्हणाले. "बोलून काय व्हतंय? काटा सांगंल."

ही या घराची रीतच. बाकीच्या घरांत नवी वस्तू आली की केवढ्याला आणली विचारतात. इथं विचारायचे, किती भरली. तरुणपणी आबांनी बैलगाडा शर्यतीचे गाडे घडवले होते. विकायला नाही, हौशीनं. माणूस न बसता शर्यतीच्या चढावर, घाटात, नुसत्या बैलांमागं पळणारा गाडा जितका हलका तितकी त्याची धाव, बारी, चांगली. जुन्नर-आंबेगावात भगवंतानं केलेला गाडा दोन माणसं हातावर उचलतात, अशी ख्याती होती. ती सवय अशी मुरलेली, की आरोही जन्मली तेव्हा दवाखान्यात आबांचा पहिला प्रश्न होता, "किती भरली?"

आबांनी मंचरच्या सोनाराकडून मागून आणलेला काटा परातीजवळ ठेवला. आरोहीनं एकेक रॉकर ठेवून आकडे वाचले.

"कंपनीचा चौसष्ट ग्रॅम. आबांचा… अठ्ठेचाळीस. काकांचा एक्केचाळीस."

"एक्केचाळीस," आदेश हळूच म्हणाला, जणू ते त्याच्या पोराचे मार्क होते.

आबांनी मान हलवली. त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर फिरत राहिला. कानशीनं तिथं घट्टा पडला होता.

"ॲल्युमिनियम ऱ्हातंय व्हय तेवढ्या गरमीत?" त्यांनी विचारलं.

"राहतंय आबा. साधं न्हाई ते. व्हॉल्व्हकडच्या टोकाला मी स्टीलचा तुकडा बसवलाय, वर टॅपेटचा स्क्रू बी स्टीलचा. घासायचा प्रश्नच न्हाई."

"बरं."

"तुमची बी चांगलीय आबा, पण सात ग्रॅमचा फरक…"

"मी काय म्हन्लो? काटा सांगंल म्हन्लो. सांगितलं त्यानं."

एक ट्रॅक्टर गेला. गाण्यातली बाई कुणाला तरी परत ये म्हणत होती; मंचरपर्यंत म्हणत गेली असणार.

"दादा, मग?" आदेशनं विचारलं.

भरत खिशावर हात ठेवून होता. "हलकं, हलकं," तो म्हणाला. "हलक्याच्या नादात या घरात काय झालंय ते काय नव्यानं सांगायला पायजे?"

मग गॅरेजात जी शांतता झाली ती आरतीच्या ओळखीची होती. या घरात ती अधूनमधून यायची, पावण्यासारखी, आणि सगळे तिला जागा करून द्यायचे.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी बोरीच्या घाटात आबांचा सगळ्यात हलका गाडा जुंपला होता. आबांनी त्याचं जू मधोमध तासून इतकं बारीक केलेलं, की बघणारे वाहवा करत होते. एकोणीस वर्षांचा भरत उजव्या बैलापाशी. बैलांनी झेप घेतली आणि जू मधून तुटलं. बैल फिरला, चाक भरतच्या गुडघ्यावरून गेलं. आरतीचं माहेर बोरीचं. त्या दिवशी ती मैत्रिणींबरोबर घाटाच्या कडेला शेंगदाणे खात उभी होती. तो कडाक आवाज तिनं आधी ऐकला आणि नवरा नंतर बघितला, असं ती कधी कधी स्वतःशीच म्हणायची. आबांनी त्यानंतर गाडा घडवला नाही. आणि बापलेकांनी त्या जुवाबद्दल एक शब्द कधी काढला नाही. आरती सून म्हणून आली तेव्हापासून तरी नाहीच.

"आई, तू काय म्हणतेस?" आरोहीनं एकदम विचारलं.

"मी?" आरती दाराशी स्टुलावर बसली होती. या घराच्या सगळ्या बैठकांना ती दाराशीच बसत आली होती. तिथून चहा ठेवायला उठता येतं आणि नको ते बोलणं निघालं तर बाहेरही जाता येतं. "मी काय म्हणणार? मी चहा टाकू का?"

"आई."

आरती उठली. परातीपाशी उकिडवी बसली आणि तिनं आदेशचा रॉकर उचलला. मधल्या भोकात पेन्सिल घालून, दोन बोटांत धरून, तिनं तो वरखाली हलवला. मग कंपनीचा तसाच हलवला. परत आदेशचा.

"काय करताय वहिनी?" आदेशनं विचारलं. "खुळखुळा आहे का तो?"

"थांबा हो भाऊजी."

तिच्या हाताला काहीतरी आठवत होतं. डोक्याला अजून नाही, पण हाताला. मग डोक्यालाही आलं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी सासूबाई, कुशाबाई, तिला बेल्ह्याच्या बाजारात घेऊन गेल्या होत्या. गोफणीच्या दगडासारखं ऊन, जनावरांचा धुरळा, आणि एका झाडाखाली लोहारानं मांडलेले विळे. आरतीनं सगळ्यात हलका विळा उचलला होता. कुशाबाईंनी तो तिच्या हातातून काढून घेतला, मुठीच्या शेंड्याला दोन बोटांनी धरला आणि हवेत हलवून बघितला. "उचलून काय बघतीस? उचलायचाय व्हय तुला? हलवून बघ. पातं हाताला पुढं वढतंय का बघ. वढत आसंल तर दुपारपतूर मनगट गेलं म्हून समज." आणि त्यांनी दुसराच, वजनाला अंमळ जड असलेला विळा घेतला होता. तो तेरा वर्षं टिकला. पुढं विळा गेला, आणि तीन वर्षांपूर्वी कुशाबाईही गेल्या.

"हा पुढं ओढतोय," आरती म्हणाली.

"कोण?"

"तुमचा रॉकर, भाऊजी. काट्यावर हलका आहे. पण हलवून बघितला की टोकाला जड लागतोय. कंपनीच्यासारखाच."

"असं कसं? तेवीस ग्रॅम कमी आहे तो."

"कमी आहे. पण कुठून कमी आहे?"

 आदेशनं रॉकर तिच्या हातातून घेतला, टोकाकडं बघितलं. तिथं स्टीलचा तुकडा, त्यावर स्टीलचा स्क्रू, स्क्रूवर नट. आरतीला दिसलं, त्याचे कान लाल झाले.

"डिप्लोमाला शिकवलंय हे," तो पुटपुटला. "पहिल्याच वर्षाला."

"मला पण," आरोही म्हणाली. "मागच्याच वर्षी पेपर दिलाय मी त्याचा."

"मंग सांगा की मला बी कुणीतरी," भरत म्हणाला. "मी बारावी नापास हाय."

"पप्पा, गाडा सगळाच्या सगळा पळतो ना? त्यामुळं त्याचं कुठलंही लाकूड काढलं तरी तेवढंच हलकं होतं. पण हा पळत नाही, हा झुलतो. मधे दांडीजवळचं वजन जागच्या जागी फिरतं, त्याचा त्रास नाही. टोकाच्या वजनाला सगळ्यात लांब जाऊन यायचं असतं. तिथं एक ग्रॅम म्हणजे…"

"समजलं," भरत म्हणाला, आणि पहिल्यांदाच टायरवरून पुढं सरकला. "म्हंजे आपण सगळी गाडेवाली माणसं. काट्याकडं बघत बसलो."

आबांनी आपला रॉकर पुढं केला. "माझा बघ," ते आरतीला म्हणाले. "हलवून बघ."

आरतीनं बघितला. तिला खोटं बोलायचं होतं. खरं तर तिच्या अंगात ती कला होतीही, सासरी एवढी वर्षं काढलेल्या बाईच्या अंगात असतेच. पण आरोही तोवर कामाला लागली होती. तिनं दांडी शिकंज्यात पकडली, रॉकर तिच्यावर चढवला, टोकाला वरून-खालून कुरियरच्या पुडक्यांची दोन रबरं ताणून बांधली. "हे स्प्रिंगचं काम करेल. सारख्याच वेळात जो हलका तो जास्त वेळा हलेल." फोन स्लो-मोशनवर लावला आणि टिचकी मारली.

सगळे त्या छोट्या पडद्याभोवती जमले. आदेशचा खांदा भरतच्या खांद्याला लागला. दोघांपैकी कुणी तो काढला नाही. पडद्यावर रॉकर संथपणे मान डोलवत होता, पाण्याखाली असल्यासारखा. बाहेरचा ट्रॅक्टरही त्या क्षणी हळू झाल्यासारखा वाटला आरतीला. सगळं जगच कुणीतरी रबरावर टांगून टिचकी मारल्यासारखं.

"कंपनीचा वीस वेळा," आरोहीनं मोजलं. मग रॉकर बदलला. "काकांचा… एकवीस." पुन्हा बदलला. हा मोजायला तिनं जरा जास्त वेळ लावला. "आबांचा…"

"बोल."

"वीस, आबा."

"वीस," आबा म्हणाले. "म्हंजे कंपनीचा हाय तस्साच. पंधरा दिवस भुगाच पाडला म्हनायचा मी."

त्यांच्या रॉकरची कंबर मधोमध, भोकाच्या दोन्ही बाजूंना, बारीक झाली होती. हातात धरायला सोपी जागा तीच, लोखंड जास्त तिथंच, आणि काट्यावरचा आकडा तिथंच घासल्यानं पटापट उतरतो.

आरतीला आता उठायलाच लागलं. ती काउंटरमागं गेली, जुन्या स्पार्क प्लगांचा पेढ्याचा डबा उघडला आणि त्यातून फडक्यात गुंडाळलेली एक जोडी घेऊन आली.

"आबा, ही तुमचीच. पहिली."

"कंची?"

"संक्रांतीच्या आधी केलेली. तुम्ही भंगाराच्या टिनात टाकली होती. मी काढून ठेवली."

"ती? अगं काटा आणल्यावर सत्तावन्न भरली ती. सात ग्रॅम फक्त कमी झालं व्हतं. ती केली त्याच दिशी आदेशचा फोन आला की त्याची एक्केचाळीस भरली, म्हून मी…" आबा थांबले.

"म्हणून तुम्ही मंचरला जाऊन काटा आणला," आरती म्हणाली. "त्याच्या आधी काटा नव्हता. काटा नसताना तुम्ही ही कशी केली?"

आबांनी तो रॉकर हातात घेतला. त्याचं टोक निमुळतं होतं, दोन्ही बाजूंनी उतरत गेलेलं, पाखराच्या चोचीसारखं. कंबर जशीच्या तशी.

"कशी म्हंजे? बोटावर घेऊन नाचवायचो. जड लागली का आनि एक हात मारायचा." ते जरासे ओशाळले. "तुझी सासू विळा बघायची तसं."

आरोहीनं काही न विचारता तो दांडीवर चढवला. टिचकी. पडद्यावर चिमणीनं मान हलवायला सुरुवात केली, आणि मोजायच्या आधीच सगळ्यांना दिसलं. या चिमणीला घाई होती.

"तेवीस."

आदेशनं शीळ घातली. "मशिनला हरवलं राव म्हाताऱ्यानं."

"म्हातारा कुणाला म्हन्तो रं?" आबा म्हणाले, पण आवाज खूश होता.

"घासलेल्या मालाला केसाएवढी चीर गेलेली असती कधी कधी," आदेश म्हणाला. "डोळ्याला दिसत नाही. बघून घेऊ आधी. वहिनी, रॉकेल आहे?"

रॉकेल आता मिळतं कुठं. पण काउंटरखाली एका बाटलीच्या तळाला चार बोटं उरलं होतं. आदेशनं पहिली जोडी त्यात बुडवली, पुसून कोरडी केली आणि खडूची भुकटी लावली. कुठं बारीक चीर असेल तर आत शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूवर काळी रेघ उमटते. पाच मिनिटं थांबले. दहा. खडू पांढराच राहिला.

"साफ आहे."

"दुसरी बी बघ," आबा म्हणाले.

"कशाला आबा? ती घालायची नाहीच."

"बघ म्हन्तो ना."

आदेशनं अठ्ठेचाळीस ग्रॅमवाली जोडी बुडवली, पुसली, खडू लावला आणि परातीत भरतच्या पुढं ठेवली. आरती भरतच्या मागं उभी होती. तिला दिसलं ते असं: एका रॉकरच्या कंबरेवर, मधोमध, पांढऱ्यातून एक केसाएवढी रेघ उमटत गेली. स्वप्नात एखादी गोष्ट उमटावी तशी, कुठून सुरू झाली ते न कळता.

भरतनं ती बघितली. बराच वेळ बघितली. मग त्यानं अंगठा उचलला आणि रॉकरवरून फिरवला. खडू पुसला गेला. आदेशनं त्याच्याकडं बघितलं. भरतनं नुसत्या भुवया हलवल्या, आणि पाच वर्षांत पहिल्यांदा धाकट्या भावानं थोरल्याचं मुकाट ऐकलं.

"काय रं? रेघ आली?" आबांनी विचारलं. एवढ्या अंतरावरून त्यांना परातसुद्धा धूसर दिसत असणार.

"न्हाई आबा," भरत म्हणाला. "साफ हाय ती बी. पन पहिली सरस हाय. पहिलीच घालू."

मग तो उठला, पाय ओढत गाडीपाशी गेला आणि स्वतः हेड उघडायला बसला. आरोही पाने देत होती. आदेश, कुणी न सांगता, दिवा धरून उभा राहिला. टॅपेटची फट सेट करताना भरतनं तीनदा फिलरची पातळ पट्टी तिच्यात सरकवून बघितली, चौथ्यांदा डोळे मिटून बघितली. "हां," तो म्हणाला. उन्हाची पट्टी तोवर शटरखालून निघून गेली होती आणि जाताना सगळ्या पान्यांच्या कडांना जरा जरा सोनं लावून गेली होती.

त्यानं खिशातून किल्ली काढली. हातावर धरली. या घराची सवय. त्यानं ती जोखल्यासारखी वरखाली केली.

"किती भरली?" आरोहीनं विचारलं.

"लई," भरत म्हणाला, आणि तिच्या तळहातावर ठेवली. "नदीपतूर जाऊन ये. अकरापतूर ने. त्याच्या वर न्यायची आसंल तर… तर ने. पन आवाज ऐकत ने. आणि मोकळ्या रस्त्याला, कळलं?"

गाडी गेली. भरत आणि आदेश तिच्यामागं रस्त्यापर्यंत गेले. आरती आत आवरायला राहिली. परात उचलायला वाकली तर त्यात पाचच रॉकर होते, अठ्ठेचाळीस ग्रॅममधला एक नव्हता. तो आबांच्या हातात होता. आबा त्यावरून अंगठ्याचं नख ओढत होते. या टोकापासून त्या टोकापर्यंत. नख मधोमध आलं की अडायचं. ते परत सुरुवातीला न्यायचे. परत मधोमध अडायचं.

"आरती," त्यांनी विचारलं, "भरत खोटं बोलायला कधी शिकला गं?"

आरतीनं फडकं झटकलं. खडूची भुकटी हवेत उडून संथ खाली आली.

"आजच, आबा," ती म्हणाली. "अजून नीट जमत नाही त्याला."

आबा हसले की नाही, ते कळलं नाही. "जू बी आसंच व्हतं," ते म्हणाले. "मधनंच. त्येला बी रेघ आसनार आधी. मी बघितली न्हाई. बघायची व्हती." त्यांनी रॉकर परातीत ठेवला. "पाय दुखतो का त्याचा अजून?"

"थंडीत दुखतो. रात्री तेल लावते मी."

"हां."

नदीकडून इंजिनाचा आवाज येऊ लागला. आधी भुणभुण, मग सूर, मग तो सूर चढत चढत दिवाळीनंतर जिथं तुटला होता त्या जागी आला. आरतीच्या खळ्यातल्या सगळ्या चिमण्या एका तालात माना हलवत होत्या. तिनं मागं पडणारी शोधली. नव्हती. सूर त्या जागेवरून पुढं गेला, आणखी वर, आणि तिथं कातलेल्या दोऱ्यासारखा सलग लांबत राहिला.

"तरंगत न्हाई," आबा म्हणाले. डोळ्यांनी नसलं तरी कानांनी त्यांना सगळं दिसत होतं.

ते उठले. शटरखालून वाकून, भिंतीचा आधार घेत बाहेर गेले. रस्त्याकडेच्या दगडावर भरत पाय पसरून बसला होता, नदीकडं तोंड करून. आबा त्याच्याजवळ गेले. काहीतरी बोलले. नेमका तेव्हाच एक उसाचा ट्रॅक्टर गाणं वाजवत गेला, त्यामुळं काय बोलले ते आरतीला ऐकू आलं नाही. तिला एवढंच दिसलं, की आबा खाली बसले आणि पूर्वी गाड्याचा कणा तपासायचे तसा त्यांनी तळहात भरतच्या डाव्या गुडघ्यावर ठेवला. भरतनं आधी इकडंतिकडं बघितलं, कुणी बघतंय का म्हणून. मग बघायचं सोडून दिलं.

आरोही परत आली, गाडी बंद केली, हेल्मेट काढून काहीतरी मोठ्यानं ओरडली, अकरा हजार चारशे का काहीसं. आदेश तिच्याकडं धावला. आबांचा हात मात्र होता तिथंच होता.